पायथॉनला साधा १ ठेवायला २८ बाइट का लागतात?

प्रश्न असा आहे की सीमध्ये इंट (पूर्णांक) चार बाइटचा, मग पायथॉनमध्ये गेटसाइझऑफला (किती जागा लागते ते सांगणाऱ्या फंक्शनला) १ दिला तर उत्तर २८ का येतं, बारा आकडी ट्रान्झॅक्शन आयडी ५० लाख घेऊन लिस्ट केली की मेमरी २०० एमबीने का फुगते, आणि रूबी, जावास्क्रिप्ट वगैरे बाकीच्या डायनॅमिक भाषाही असंच करतात का. प्रश्न तीन आहेत खरं तर, पण तिन्हींचं मूळ एकच आहे, त्यामुळे एकत्रच लिहितो. थोडं लांबेल.

आधी थोडक्यात. आकड्याला स्वतःला जागा फारशी लागतच नाही. जागा जाते ती "इथे जे आहे तो आकडा आहे" हे कुठेतरी लिहून ठेवण्यात. सीला ते लिहावं लागत नाही, पायथॉनला लागतं, आणि ते कुठे लिहायचं यावर प्रत्येक भाषेच्या इम्प्लिमेंटेशनने आपापला तोडगा काढलेला आहे.

सीमध्ये, किंवा गो, रस्ट, जावाच्या साध्या इंटमध्ये, मेमरीत नुसते बिट असतात. त्या चार बाइटकडे बघून तो इंट आहे, फ्लोट आहे की चार अक्षरं आहेत हे कोणी सांगू शकत नाही, आणि सांगायची गरजही पडत नाही, कारण कंपायलरला सगळं आधीच माहीत असतं आणि त्याने त्या हिशोबाने इंटच्या बेरजेची इन्स्ट्रक्शन तिथे टाकून ठेवलेली असते. टाइप सोर्स कोडमध्येच राहतो, मेमरीपर्यंत येतच नाही. वजा आकडे टूज कॉम्प्लिमेंटमध्ये, म्हणजे वजा १ म्हटलं की सगळेच्या सगळे बिट १. आज कुठल्याही मशीनवर हेच दिसतं, तरी सीच्या स्टँडर्डने सी२३ येईपर्यंत आणि सी प्लस प्लसने २०२० च्या आवृत्तीपर्यंत इतर जुन्या पद्धतींना दार उघडं ठेवलं होतं. साइझचा घोळ मात्र अजून आहे, ६४ बिट लिनक्सवर लाँग आठ बाइटचा आणि ६४ बिट विंडोजवर तोच लाँग चार बाइटचा, आणि यात अजूनही लोक अडकतात. असो.

आता पायथॉनकडे या. तुम्ही एक्स बरोबर ५ लिहिता, पुढच्या ओळीत त्याच एक्समध्ये स्ट्रिंग टाकता, त्यानंतर लिस्ट. म्हणजे एक्स नावाच्या जागेत ६४ बिट आहेत आणि चालत्या प्रोग्रामला दर वेळी ठरवावं लागतं की हे ६४ बिट म्हणजे आकडाच आहे की कुठल्यातरी ऑब्जेक्टचा पत्ता आहे. नुसत्या बेरजेपुरता हा प्रश्न नाही बरं का, गार्बेज कलेक्टरलाही, म्हणजे न लागणारी मेमरी मोकळी करणाऱ्या भागालाही, हेच हवं असतं. त्याने आकड्याला पत्ता समजून त्यामागे धाव घेतली तर प्रोग्राम आडवा. यातून सुटायचे ढोबळमानाने दोन मार्ग. एक, त्या जागेत कायम पत्ताच ठेवायचा, आकडा असला तरी, आणि त्या पत्त्यावर जे काही असेल त्यानेच आपण कोण ते सांगायचं, याला बॉक्सिंग म्हणतात. दुसरा, त्या ६४ बिटांतला एखादा बिट खुणेसाठी काढून ठेवायचा आणि आकडा उरलेल्यात बसवायचा, याला टॅगिंग. सीपायथॉनने, म्हणजे आपण रोज जो पायथॉन वापरतो त्याने, पहिला मार्ग घेतला आणि तोही अगदी टोकाला जाऊन.

तर ते २८ बाइट उघडून बघू. ६४ बिट मशीनवर पहिले आठ बाइट रेफरन्स काउंट, या ऑब्जेक्टकडे किती जण बोट दाखवून आहेत त्याची मोजदाद. पुढचे आठ बाइट टाइपचा पत्ता, "मी इंट आहे" हे जिथून कळतं तो. त्यापुढचे आठ बाइट लांबी, म्हणजे आकड्याचे पुढे किती तुकडे आहेत ते. झाले २४. आणि शेवटचे चार बाइट म्हणजे तो तुकडा, ज्यात आपला १ बसलाय. चार बाइटच्या मालासाठी चोवीस बाइटचं पॅकिंग. त्यात आणखी एक, पायथॉनचा मेमरी ॲलोकेटर १६ च्या पटीत जागा देतो त्यामुळे २८ मागितले तरी प्रत्यक्षात ३२ जातात, हे गेटसाइझऑफ तुम्हाला सांगत नाही.

तुकडे कशाला, तर पायथॉनचा इंट कितीही मोठा होऊ शकतो. शाळेत एकं, दहं, शतं अशी घरं आखून आकडा मांडायचो तसंच आहे हे, फक्त प्रत्येक घरात ० ते ९ ऐवजी ० ते १०७३७४१८२३ काहीही बसतं, म्हणजे ३० बिटांत मावेल तेवढं, आणि एकंचं घर सगळ्यात आधी येतं. त्यामुळे १०७३७४१८२३ पर्यंत २८ बाइट, एकाने वाढवला की ३२, २ चा ६० वा घात आला की ३६. दहाचा शंभरावा घात घेतलात तर १२ घरं लागतात, म्हणजे २४ अधिक ४८, ७२ बाइट. स्वतः करून बघा, बरोबर हेच येईल. सिस मॉड्यूलमध्ये इंट_इन्फो नावाची चीज आहे, ती छापलीत तर घराला ३० बिट आणि चार बाइट हे सरळ लिहिलेलं दिसेल.

चार बाइटमध्ये ३२ बिट मावतात मग ३० च का वापरले, दोन फुकट का घालवले, असं लगेच मनात येतं. याचं उत्तर हातच्यात आहे. दोन ३०-बिटी घरांची बेरीज आणि वर आलेला हातचा मिळून ३१ बिटांच्या बाहेर जात नाही, म्हणजे ती ३२ बिटांच्या साध्या व्हेरिएबलमध्ये आरामात बसते आणि हातचा काय आला ते ३० बिट उजवीकडे सरकवून दिसतं. पूर्ण ३२ वापरले असते तर हातचा वरून सांडून गेला असता. प्रोसेसरकडे त्यासाठी कॅरी फ्लॅग असतो पण साध्या सी कोडमधून त्याला हात लावता येत नाही, जीएमपीसारख्या मोठ्या आकड्यांच्या लायब्ररी त्यासाठी असेंब्ली लिहितात म्हणून त्या पूर्ण ६४ बिट वापरू शकतात. पायथॉनला कुठल्याही सी कंपायलरवर बिनतक्रार उभं राहायचं असतं. बरं मग ३१ का नाही? तर आवृत्ती ३.११ च्या आधी घातांकाचा जो कोड होता तो मोठा घात असला की त्याचे बिट पाच-पाचच्या गटाने घ्यायचा, त्यामुळे घराची रुंदी पाचने भाग जाणारी लागायची. ३० ला जातो. पूर्वी घर १५ बिटांचं असायचं, त्यालाही जातो. मला हा तपशील फार आवडतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला ३० हा आकडा आभाळातून पडल्यासारखा वाटतो.

चिन्हाचं काय? इथे टूज कॉम्प्लिमेंट नाही. आकडा धन स्वरूपात ठेवायचा आणि चिन्ह बाजूला. आधी हे लांबीच्या खान्यातच उरकलेलं होतं, आकडा वजा असेल तर लांबीच वजा, म्हणजे वजा ५ ची लांबी वजा १. आवृत्ती ३.१२ पासून तोच खाना टॅगसारखा वापरतात, सगळ्यात खालच्या दोन बिटांत चिन्ह आणि वरच्या बिटांत घरांची संख्या, त्यामुळे एकाच घराचे आकडे पटकन ओळखून त्यांना वेगळ्या जलद वाटेने नेता येतं. साइझ होता तेवढाच राहिला. आणि गंमत म्हणजे आत चिन्ह वेगळं असूनही बिटांची कामं करताना पायथॉन असं भासवतो की आकडा टूज कॉम्प्लिमेंटमध्येच आहे आणि डावीकडे अनंत बिट पसरलेले आहेत. वजा १ आणि २५५ यांचं अँड केलंत तर २५५ येतं. त्यासाठी तो वजा आकड्याची तात्पुरती टूज कॉम्प्लिमेंट प्रत बनवतो, काम करतो, परत उलटवतो.

लहान आकड्यांसाठी त्यांनी कॅश ठेवली आहे, बरीच वर्षं ती वजा ५ ते २५६ अशी आहे, हे आकडे इंटरप्रिटर सुरू होतानाच बनवून ठेवलेले असतात आणि सगळे जण तेच वापरतात. इंटरव्ह्यूत विचारतात ना, २५६ इज २५६ ट्रू येतं आणि २५७ ला फॉल्स का, ते यामुळे. तेही एकाच फाइलमध्ये लिहिलं तर कंपायलर सारखे कॉन्स्टंट एकत्र करतो आणि २५७ ला पण ट्रू येऊ शकतं. आकड्यांवर इज वापरायचंच नाही, विषय संपला. हा प्रश्न इंटरव्ह्यूत विचारून उमेदवाराबद्दल काय कळतं हे मला अजून समजलेलं नाही.

आता स्पीड. ए अधिक बी असं लिहिल्यावर सीमध्ये एक इन्स्ट्रक्शन. सीपायथॉनमध्ये दोन्हींच्या पत्त्यावर जायचं, टाइप बघायचे, घरं किती ते बघायचं, बेरीज करायची, उत्तरासाठी नवीन ऑब्जेक्टची जागा घ्यायची (कॅशमधला आकडा निघाला तर ठीक), रेफरन्स काउंट खालीवर करायचे. २०२२ च्या ३.११ पासून इंटरप्रिटर एकाच ओळीवर परत परत इंटच येतायत हे हेरून तिथे इंटपुरती खास आवृत्ती बसवतो, त्याने फरक पडला, पण पत्त्यावर जाणं आणि नवीन ऑब्जेक्ट बनवणं काही टळलं नाही.

मोठे आकडे मात्र पायथॉन बऱ्यापैकी हाताळतो. साधारण ७० घरांच्या पुढे, म्हणजे ६३० च्या आसपास दशमान अंकांनंतर, गुणाकार शाळेच्या पद्धतीऐवजी कारात्सुबाच्या, मोठ्या आकड्यांना जलद पडणाऱ्या पद्धतीने होतो. २०२२ मध्ये मात्र एक लगाम घातला गेला, ४३०० अंकांपेक्षा मोठ्या आकड्याची दशमान स्ट्रिंग करायला गेलात किंवा तेवढ्या मोठ्या स्ट्रिंगचा इंट करायला गेलात तर व्हॅल्यूएरर. कारण आतले ३०-बिटी तुकडे दहाच्या हिशोबात आणायचे म्हणजे अंक दुप्पट झाले की वेळ चौपट, आणि बाहेरून कोणीही लाखो अंकांची स्ट्रिंग पाठवून सर्व्हर लटकवू शकत होतं. हेक्समध्ये छापायला ही मर्यादा नाही, कारण १६ हा २ चाच घात, तिथे बिट नुसते सरकवायचे असतात.

आता दुसरा मार्ग, टॅगिंग, जो मला स्वतःला जास्त देखणा वाटतो. ६४ बिट मशीनवर ऑब्जेक्ट आठच्या पटीतल्या पत्त्यावर ठेवतात, त्यामुळे कुठल्याही खऱ्या पत्त्याचे शेवटचे तीन बिट कायम शून्य. म्हणजे ते बिट काही माहिती देतच नाहीत, रिकामे पडलेले आहेत. मग ठरवून टाकायचं, शेवटचा बिट १ असेल तर हा आकडा, ० असेल तर पत्ता. ओकॅमल (एक प्रोग्रामिंग भाषा) नेमकं हेच करतो. न हा कुठलाही आकडा तो २न+१ म्हणून साठवतो, त्यामुळे ६४ ऐवजी ६३ बिट मिळतात आणि सगळ्यात मोठा इंट ४६११६८६०१८४२७३८७९०३. हे ऐकून वाटतं की प्रत्येक बेरजेला टॅग काढा, बेरीज करा, टॅग लावा असा व्याप असेल. करून बघा, ३ म्हणजे ७, ४ म्हणजे ९, दोघांची बेरीज १६, त्यातून १ वजा केला की १५, आणि १५ म्हणजे २ गुणिले ७ अधिक १, म्हणजे टॅग लावलेला ७. तर नुसतं एक वजा करायचं, आणि इंटेलच्या प्रोसेसरवर ती बेरीज-वजाबाकी पत्ता काढायच्या एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये उरकते. गुणाकाराला थोडं जास्त काम पडतं, एकाचा टॅग वजा करायचा, दुसरा एक बिट उजवीकडे सरकवायचा आणि गुणाकारानंतर १ मिळवायचा.

रूबीत तर हे तुम्हाला उघड्या डोळ्यांनी दिसतं. आयआरबी (रूबीचा कन्सोल) उघडा आणि १ चा ऑब्जेक्ट_आयडी विचारा, ३ येईल. २ चा ५. १०० चा २०१. तेच २न+१, आतलं सामान थेट चव्हाट्यावर. १ हा रूबीत ऑब्जेक्ट आहे, त्यावर मेथड चालतात, पण त्याच्यासाठी मेमरीत एक बाइटही वेगळा घेतलेला नाही, तो पत्त्याच्या जागेतच बसलाय. पूर्वी या छोट्या आकड्यांचा क्लास फिक्सनम आणि मोठ्यांचा बिगनम असा वेगळा दिसायचा, डिसेंबर २०१६ च्या २.४ आवृत्तीत दोन्ही इंटिजरखाली एकत्र आणले. आत दोन प्रकार आजही आहेत, फक्त वापरणाऱ्याला दिसत नाहीत. पायथॉनमध्येही इंट आणि शेवटी एल लागणारा लाँग अशी जोडी होती, ती २००८ मध्ये पायथॉन ३ आल्यावर कायमची गेली.

गूगलच्या व्ही८ ने, म्हणजे क्रोम आणि नोडच्या इंजिनने, हेच उलटं केलं. तिथे शेवटचा बिट ० म्हणजे छोटा आकडा, त्याला ते स्मी म्हणतात, आणि १ म्हणजे पत्ता. फायदा असा की आकडा २न म्हणून बसतो आणि बेरीज सरळ होते, वजा-बिजा काही नाही. मग पत्ते एकाने चुकलेले राहतात त्याचं काय, तर ऑब्जेक्टमधलं फील्ड वाचताना पत्त्यात ऑफसेट मिळवायचाच असतो, तो एकाने कमी धरायचा, फुकटात काम. क्रोममध्ये २०२० साली पत्ते ३२ बिटांत दाबून ठेवायला लागल्यापासून स्मी ३१ बिटांचा झाला, वरची मर्यादा १०७३७४१८२३. होय, पायथॉनच्या एका घरात मावणारा तोच आकडा, योगायोगच म्हणायचा. त्याच्या पुढे गेलात की आकडा साधारणपणे हीपमध्ये, म्हणजे मेमरीच्या मोकळ्या भागात, वेगळा ऑब्जेक्ट करून ठेवला जातो, आणि तो इंट नसतो, ६४ बिटांचा डबल, म्हणजे दशांश आकडा, असतो.

ही खुणेची कल्पना काही आजची नाही. लिस्प आणि स्मॉलटॉकवाले कित्येक वर्षं हेच करत आलेत, एवढं की सनच्या स्पार्क प्रोसेसरमध्ये खास टॅग लावलेल्या आकड्यांच्या बेरजेची इन्स्ट्रक्शन होती, शेवटच्या दोन बिटांत शून्य सोडून काही दिसलं तर ती ओव्हरफ्लोचा झेंडा वर करायची. अर्लांगमध्ये छोटा इंट ६० बिटांचा, एमॅक्स लिस्पमध्ये ६२ चा. किती बिट उरतात ते खुणेला किती काढले यावर.

बिट संपले की काय होतं, इथे मात्र भाषांची वाट वेगळी होते आणि माझ्या मते साइझपेक्षा हेच जास्त महत्त्वाचं आहे. रूबी बेरजेनंतर ओव्हरफ्लो झाला का बघते आणि झाला असेल तर गुपचूप मोठ्या आकड्याचा ऑब्जेक्ट बनवते, उत्तर बरोबर. ओकॅमल बघतच नाही, सगळ्यात मोठ्यात १ मिळवला की सगळ्यात लहान वजा आकडा. गो आणि जावा तसंच फिरतात, पण निदान तसं लिहून ठेवलंय. रस्ट डीबग बिल्डमध्ये पॅनिक करतो, रिलीजमध्ये फिरतो. स्विफ्ट प्रोग्राम थांबवतो. आणि सीमध्ये साइन्ड इंटचा ओव्हरफ्लो म्हणजे अनडिफाइन्ड, कंपायलर असं धरून चालतो की तो होणारच नाही, त्यामुळे "एक्स अधिक १ हा एक्सपेक्षा मोठा आहे का" अशी तपासणी तुम्ही ओव्हरफ्लो पकडायला लिहिली असेल तर तो ती सरळ "कायम खरं" समजून उडवून टाकतो. जावाच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्येही खालचा अधिक वरचा भागिले दोन असं मधलं स्थान काढलेलं होतं आणि प्रचंड मोठ्या ॲरेवर ती बेरीज वजा व्हायची. कोड कित्येक वर्षं तसाच चालू होता, २००६ मध्ये तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच त्यावर लिहिलं तेव्हा कुठे गाजलं.

तिसरा एक प्रकार आहे, नॅन-बॉक्सिंग. सफारीचं आणि फायरफॉक्सचं इंजिन, शिवाय लुआ भाषेचं लुआजिट, हे वापरतात. ६४ बिटी डबलमध्ये घातांकाचे ११ बिट सगळे १ असले आणि खालच्या ५२ बिटांत काहीतरी असलं की तो नॅन, म्हणजे "हा आकडाच नाही". असे नमुने जवळजवळ २ चा ५३ वा घात इतके आहेत आणि हार्डवेअर त्यातले एखाददुसरेच वापरतं. बाकीचे मोकळे. मग त्यातच ३२ बिटी इंट आणि ४८ बिटी पत्ते कोंबायचे. इथे डबलला बॉक्स लागत नाही, जावास्क्रिप्टला हे बरं पडतं कारण तिचा नंबर मुळात डबलच.

आणि त्यामुळेच जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे इंट भरवशाचे राहत नाहीत. शेवटी ९९२ आणि शेवटी ९९३ असे दोन आकडे बरोबरीच्या चिन्हाने तपासलेत तर ट्रू येतं. ट्विटरने २०१० मध्ये ट्वीटचे आयडी ६४ बिटी केले तेव्हा जेसनमध्ये आकड्याच्या शेजारी तोच आयडी स्ट्रिंग म्हणून पण द्यायला लागले ते याचसाठी. बिगइंट २०२० च्या स्टँडर्डमध्ये आला, पण जेसन पार्स करताना तो आपोआप मिळत नाही, तिथे अजूनही डबलच येतो. तुमचा सर्व्हर पायथॉनमध्ये आणि फ्रंटएंड जावास्क्रिप्टमध्ये असेल तर १९ आकडी आयडी स्ट्रिंग म्हणूनच पाठवा.

मग पायथॉनने टॅगिंग का नाही केलं? माझ्या मते मुख्य अडचण सी एक्स्टेन्शनची, म्हणजे पायथॉनला जोडलेल्या सी कोडची आहे. नम्पाय या आकडेमोडीच्या लायब्ररीपासून डेटाबेस ड्रायव्हरपर्यंत सगळा कोड हे धरून लिहिलेला आहे की पायथॉनचं कुठलंही मूल्य म्हणजे खरा पत्ता, तिथे जा, रेफरन्स काउंट वाढव, टाइप वाच. त्या जागी अचानक २न+१ आला तर पहिल्याच झटक्यात क्रॅश. पायपाय (पायथॉनचं दुसरं इम्प्लिमेंटेशन) मात्र आपल्या मनाचा राजा आहे, लिस्टमध्ये सगळे इंटच आहेत असं दिसलं की तो त्यांना बॉक्सशिवाय सलग साध्या मशीन इंटसारखं ठेवतो. जावातही ॲरेलिस्ट ऑफ इंटिजर म्हणजे एकेका आकड्याला साधारण १६ बाइटचा ऑब्जेक्ट आणि त्याचा पत्ता वेगळा, इंटचा ॲरे म्हणजे फक्त चार. तिथली कॅश वजा १२८ ते १२७, त्यामुळे इंटिजर ऑब्जेक्ट दोन बरोबरच्या चिन्हांनी तपासले तर १२७ ला ट्रू आणि १२८ ला बहुतेक वेळा फॉल्स. पायथॉनच्या इजचंच भावंड.

आता तुमच्या ५० लाख आयडींकडे. बारा आकडी आयडी ३० बिटांत मावत नाही, दोन घरं लागतात, म्हणजे ३२ बाइट, अधिक लिस्टमधल्या पत्त्याचे ८. चाळीस गुणिले ५० लाख, २०० एमबी. हिशोब चोख आहे, लीक-बिक काही नाही. सेट केलात तर आणखी महाग, तिथे प्रत्येक खान्यात पत्त्याबरोबर हॅश (पटकन शोधता यावं म्हणून काढलेला आकडा) पण असतो आणि बरेच खाने मुद्दाम रिकामे ठेवलेले असतात.

नम्पायचा इंट६४ ॲरे वापरा, ४० एमबीत काम होईल. नम्पाय नको असेल तर ॲरे मॉड्यूलमध्ये क्यू प्रकार घ्या, तेवढीच जागा. पण मग नियम सीचे लागू होतात हे ध्यानात ठेवा. इंट३२ च्या ॲरेत २१४७४८३६४७ मध्ये १ मिळवलात तर वजा २१४७४८३६४८ येईल आणि कोणी काही बोलणार नाही. विंडोजवर तर नम्पायचा डीफॉल्ट इंटच २०२४ ला २.० येईपर्यंत ३२ बिटी होता, त्यामुळे तीच स्क्रिप्ट लिनक्स सर्व्हरवर बरोबर आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर चूक असं घडायचं. टाइप नेहमी स्वतः लिहून द्या. पांडाज ही टेबलांची लायब्ररी वापरत असाल तर आयडीच्या कॉलमात एकही जागा रिकामी राहिली की साधा इंट कॉलम फ्लोट६४ होतो. बारा अंकांना धक्का नाही लागत, पण सतरा-अठरा अंकी खाते क्रमांक असतील तर शेवटचे अंक बदललेले सापडतील. मोठ्या आय चा इंट६४ प्रकार आहे पांडाजमध्ये, तो रिकाम्या जागा सांभाळतो.

रकमा पैशांत ठेवत असाल, जे योग्यच आहे, तर ३२ बिटांत २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे एवढंच मावतं. एका व्यवहाराला पुरेल, महिन्याच्या बेरजेला पुरणार नाही. मोबाइल नंबरचं तर विचारूच नका. आपले नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे कमीत कमी ६०० कोटी, आणि अनसाइन्ड ३२ बिटसुद्धा ४२९ कोटींवर संपतो, एकही नंबर मावत नाही. मायएसक्यूएलच्या ५.७ आधीच्या आवृत्त्या डीफॉल्टने असा आकडा कापून जास्तीत जास्त मावेल तेवढा भरायच्या, एरर नाही, फक्त वॉर्निंग. जुन्या टेबलात अर्ध्या गावाचा मोबाइल २१४७४८३६४७ असा दिसला तर तो कोणाचा नंबर नाही, इंट कॉलम आहे.

तुमच्या आयडींवर बेरीज-वजाबाकी करायची नसेल, नुसते डुप्लिकेट शोधायचे असतील, आणि पुढे शून्य असलेले आयडी येण्याची शक्यता असेल, तर आकडा करूच नका. नम्पायमध्ये बारा बाइटच्या ठरावीक लांबीच्या बाइट स्ट्रिंगचा ॲरे होतो, ५० लाखांचे ६० एमबी. शून्य येणार नसतील तर इंट६४, सॉर्ट करा आणि शेजारचे दोन सारखे आहेत का बघा, सेटची गरजच पडणार नाही.